अडीच वर्षं झाली तरी आजार स्वीकारता येत नाही, म्हणजे मी कमकुवत आहे का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते तुम्हाला कळेल आणि इतरांनाही संदर्भ लागेल.

तुम्ही ३९ वर्षांच्या, कोपरखैरण्याला राहता, नोकरीला ठाण्याला जाता. अडीच वर्षांपूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे आपण आमवात म्हणतो त्याचं, निदान झालं. औषधं लागू पडली, सहा महिने छान गेले, तुम्हाला वाटलं आता जमलं. मग दिवाळीच्या तोंडावर बोटं पुन्हा सुजली, चकलीचा सोऱ्या फिरवता येईना, आणि तुम्ही ओट्यापाशीच रडलात. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, आता स्वीकार की." तुम्ही दुःखाचे पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, उदासी, स्वीकार) वाचलेत आणि तुम्हाला वाटतंय, आपण पाचव्यावर पोचून पुन्हा दुसऱ्यावर घसरलो. नवरा हातातलं प्रत्येक काम काढून घेतो. बरं वाटायला लागलं की आठवड्याची गोळी चुकवता आणि हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही. नऊ वर्षांची मुलगी विचारते, "आई, तू बरी कधी होणार?" तुम्ही "लवकरच" म्हणता आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडता. तुम्ही विचारताय: मी मनाने कमकुवत आहे का? आणि स्वीकारायचं म्हणजे रोज सकाळी उठून नेमकं करायचं काय?

मी ठाण्यात, नौपाड्याला, २२ वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. औषधं मी देत नाही. माझ्याकडे डायलिसिसवरची माणसं येतात, मधुमेहाची, पार्किन्सनची, आमवाताची येतात. त्यातली बरीचशी "स्वीकार" हा शब्द घरच्यांकडून इतक्यांदा ऐकून आलेली असतात की आजाराइतकाच तोही त्यांना टोचत असतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. नाही, तुम्ही कमकुवत नाही. ज्या पाच टप्प्यांनी तुम्ही स्वतःला मोजताय, ते तुमच्यासारख्या आजारासाठी मांडलेलेच नव्हते. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडले ते मरणाच्या उंबरठ्यावर असलेल्या रुग्णांशी बोलून. त्या माणसांपुढे एक शेवट होता. तुमच्यापुढे अजून तीस-चाळीस वर्षांचा संसार आहे, आणि त्यात हा आजार कधी वर येणार, कधी खाली बसणार. एकदा चढून गेलं की संपलं, अशी शिडी इथे नाही.

दीर्घ आजारासोबत जगणाऱ्यांचे अनेक अभ्यास एकत्र वाचून बार्बरा पॅटर्सन या कॅनडातल्या परिचर्या-संशोधिकेने २००१ मध्ये जे मांडलं, ते मला रोजच्या कामात जास्त खरं वाटतं. तिचं म्हणणं असं की आजार कधी माणसाच्या डोळ्यांपुढे येऊन उभा राहतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो, तर कधी मागे सरकतो आणि नोकरी, मुलं, सण पुढे येतात. ही ये-जा चालूच राहते. आजार पुढे येतो तेव्हा माणूस हरलेलं असतं असं नाही, कारण त्या दिवसांत त्याच्याकडे लक्ष द्यायचीच गरज असते. तुम्ही नवी मुंबईत राहता, तुम्हाला पावसाचं वेगळं सांगायला नको. जुलैत दोन दिवस उघडीप मिळाली की छत्री पिशवीत जाते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडावी लागते. तेव्हा "हिने अजून पाऊस स्वीकारलेला दिसत नाही" असं कुणी म्हणतं का? दिवाळीत तुमची छत्री पुन्हा उघडावी लागली, एवढंच झालं.

आता पुढचं सारं ज्यावर अवलंबून आहे ते मोकळेपणाने सांगते. मी तुम्हाला भेटलेले नाही. आमवात किती चढलाय, सांध्यांची झीज किती आहे, पगाराशिवाय घर चालेल का, घरात हाताखाली कुणी आहे का, निदान व्हायला किती महिने गेले, या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलतं. आणखी एक गोष्ट मी नव्या माणसाला हमखास विचारते: अलीकडे रक्त कधी तपासलंत? आमवातात शरीरात जी दाहाची प्रक्रिया चालते तिनेच थकवा येतो, मन खाली जातं. त्यात हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉइड बिघडलेलं असेल, स्टेरॉइड सुरू असेल, तर झोप आणि मूड दोन्ही हलतात. तेव्हा तुम्हाला जे "माझं मन कच्चं" वाटतंय, त्यातला काही भाग सरळ शरीराचा असू शकतो. तो शोधून काढायचा, त्याला स्वभावाचं नाव द्यायचं नाही.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मीही "स्वीकारा, सकारात्मक राहा" असंच म्हणत असे. एकदा कळव्याहून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. बायकोने पाठवलं होतं, कारण ते घरात चिडचिड करत. मी माझं नेहमीचं बोलणं सुरू केलं. त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि डावा हात टेबलावर ठेवला. मनगटाच्या वर डायलिसिसच्या सुयांसाठी केलेला फिस्टुला होता, दोरीसारखी फुगलेली शीर, तिच्यावर सुयांच्या खुणा. म्हणाले, "हात लावून बघा." मी बोटं ठेवली. आत मांजर गुरगुरावं तशी थरथर जाणवत होती. ते म्हणाले, "मॅडम, स्वीकारलंय म्हणून तर आठवड्याला तीनदा हा हात पुढे करतो. आता ते आवडूनही घ्यायचं का?"

त्या दिवसापासून स्वीकारणं आणि आवडून घेणं या दोन गोष्टी मी कधी एकत्र केल्या नाहीत. राग येणं, रडू येणं, "मलाच का" वाटणं, हे सगळं असताना माणूस आजार स्वीकारून जगत असू शकतो. तो स्वीकार त्याच्या दिवसाच्या मांडणीत दिसतो: औषध कधी, काम किती, कुणाला काय सांगायचं. चेहऱ्यावर शांती आहे की नाही, यावरून तो ओळखता येत नाही. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की मन तयार व्हायची वाट बघू नका. मांडणी आधी बदला. मन मागून येतं, कधी येत नाही, आणि आलं तरी अधूनमधून पुन्हा जातं.

सुरुवात मी नेहमी एका कागदाने करते. वर लिहायचं, "काय गेलं", आणि खाली अगदी बारीक गोष्टी. "आरोग्य", "आनंद" असले शब्द चालणार नाहीत. मायकेल ब्युरी या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्याच रुग्णांशी बोलून लिहिलं होतं की असा आजार माणसाची स्वतःची गोष्टच मधे तोडतो. मी अमुक, माझं पुढे तमुक होणार, हा जो धागा आपण मनात धरून असतो तो तुटतो. हा तुटलेला धागा मोठ्या शब्दांत सापडत नाही.

माझ्याकडे आमवाताची एक आई येत असे, तुमच्याच वयाची. तिच्या कागदावर तीन ओळी होत्या: कुकरचं झाकण. लोकलमधला वरचा दांडा. मुलीची वेणी. पहिल्या दोन ओळी तिने सहज वाचल्या, तिसरीला थांबली. मी विचारलं, वेणीत काय होतं? म्हणाली, शाळेच्या आधीची दहा मिनिटं. मुलगी पाठमोरी बसायची आणि समोर बघून जे कधी सांगितलं नसतं ते सांगायची: कोण बोलत नाही, कुणी डबा खाल्ला, बाई काय म्हणाल्या. बोटं दुखायला लागल्यावर घरच्यांनी मुलीचे केस कापून आणले. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. ती मात्र आतून पोखरत गेली आणि तिला स्वतःलाही कळेना की केसांसाठी एवढं काय. गेली होती ती दहा मिनिटं. मग आम्ही शोधत बसलो की ती मिनिटं वेणीशिवाय कशी मिळतील. रात्री मुलगी आईच्या बोटांना कोमट तेल लावायला लागली. यात मुलगी पाठमोरी नसते, पण दोघींची नजर हातांवर असते, त्यामुळे बोलणं तसंच सुटतं. तेलाने सूज उतरते असं मी म्हणत नाही.

तुमच्या कागदावर चकली असेल. तिच्या आत काय आहे ते तुम्हीच शोधा. सासरी पहिल्या दिवाळीत मिळालेली शाबासकी असेल, किंवा सगळ्या जावांनी मिळून बसायची एक दुपार. जे सापडेल त्यावर पुढची वाट ठरते. दुपार गेली असेल तर सोऱ्या दुसरीने फिरवावा, तुम्ही पिठाची चव आणि तेलाचा अंदाज बघावा. शाबासकी गेली असेल तर मात्र ते दुःख खरंच करावं लागतं, त्याला पर्याय शोधून भागत नाही. त्यासाठी रडणं योग्यच होतं.

यानंतरचं काम बऱ्या दिवसांचं. आमवाताच्या बायकांना वाईट दिवसापेक्षा बरा दिवस जास्त खड्ड्यात घालतो, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. सकाळी बोटं हलकी वाटतात, मग चार महिन्यांचं साचलेलं एका दिवसात उपसायचं: माळा, पडदे, डाळी-तांदूळ निवडणं. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. मग अपराधी वाटतं, पुढच्या बऱ्या दिवशी आणखी जोर. हे चक्र तोडायचा एकच उपाय मला माहीत आहे: काम दुखण्यावर थांबवायचं नाही, घड्याळावर थांबवायचं. एखादं काम किती मिनिटांनी बोटांना जाणवायला लागतं ते आठवडाभर बघा. समजा पोळ्या लाटताना २५ मिनिटांनी, तर १५ व्या मिनिटाला उठायचं, बोटं छान चालत असली तरी. बऱ्या दिवशी थांबणं हेच सगळ्यात अवघड असतं, त्याचा सराव महिनाभर तरी लागतो. अर्थात याचा अर्थ हात बांधून बसणं नव्हे. सूज चढलेली असताना सांध्याला आराम, एरवी हालचाल हवीच, आणि ती किती हे फिजिओथेरपिस्टने ठरवायचं. त्याबरोबर एकदा ऑक्युपेशनल थेरपिस्टला भेटा. आपल्याकडे त्यांच्याकडे फार कमी लोक जातात. पिशवी बोटांत न अडकवता कोपरावर किंवा खांद्यावर घेणं, लाटण्याच्या मुठी जाड करून घेणं, डब्याचं झाकण बोटांनी न फिरवता तळव्याने दाबून फिरवणं, अशा गोष्टी ते हाताला हात लावून शिकवतात.

आता गोळी. बहुतेक ती मेथोट्रेक्सेट असावी, कारण तुम्ही आठवड्याची म्हटलंय. ती चुकवण्यामागे तुमचं एक गणित आहे आणि ते वेडेपणाचं नाही. हॉवर्ड लेव्हेंथल या मानसशास्त्रज्ञाने हे छान दाखवलं आहे की प्रत्येक रुग्णाच्या डोक्यात आजाराची स्वतःची कल्पना असते: हा काय आहे, कशाने झाला, किती दिवस राहील, काय केलं तर आटोक्यात येईल. आपण लहानपणापासून ताप, जुलाब, घसा यांवर गोळ्या घेतल्या. बरं वाटलं की बंद. तेच गणित इथे लावलं की बऱ्या महिन्यात गोळी सोडणं तर्काला धरूनच होतं. पण इथे बरं वाटतं ते गोळी चालू असल्यामुळे. दिवाळीची सूज चुकलेल्या गोळ्यांमुळेच आली असं मी म्हणणार नाही, ते तुमचे संधिवाततज्ज्ञ ठरवतील. पण त्यांना ही माहितीच नसेल तर ते औषध बदलतील किंवा डोस वाढवतील, तेही चुकीच्या अंदाजावर. या आठवड्यात फोन करून किती गोळ्या चुकल्या ते आकड्यात सांगा. राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई अजिबात करू नका. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर घातक ठरते.

तुम्ही एक वाक्य लिहिलंय, "गोळी हातात घेतली की मी आजारी आहे हे आठवतं." हे मला फार खरं वाटलं. काहींना तर त्या गोळीचा पिवळा रंग दिसला तरी मळमळायला लागतं. ही नाटकं नसतात, शरीर शिकून घेतं तसं. हेही डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात. माझ्याकडून एवढंच: गोळी एकटीने, चोरून, दिवा मालवायच्या आधी घेऊ नका. कशाला तरी जोडा. एक बाई शनिवारी रात्री आवडती मालिका लावून घेते, नवरा पाणी आणून देतो, आणि त्यावर कुणी काही बोलत नाही.

नवऱ्याबद्दल. तो हातातलं काम काढून घेतो तेव्हा त्याला वाटतं तो प्रेम करतोय, आणि तुम्हाला वाटतं तुम्हाला मोडीत काढलंय. दोन्ही खरं आहे. याची चर्चा भांडणाच्या वेळी होत नाही, रविवारी चहाला होते. घरातल्या कामांचे तीन ढीग करा: हे मी करते, हे तू कर, आणि हे आता कुणीच करायचं नाही. पहिल्या ढिगातल्या कामाला मी मागितल्याशिवाय त्याने हात लावायचा नाही, मला वेळ लागला तरी. तिसऱ्या ढिगाकडे खास लक्ष द्या, कारण आपल्या घरांत तो नसतोच. रोज गरम पोळ्या दोन्ही वेळा, इस्त्रीच्या चादरी, प्रत्येक पाहुण्याला ताजं जेवण. तिसऱ्या ढिगात काही गेलं नाही तर बाकीचे दोन ढीग नुसती अदलाबदल ठरतात, आणि दोन वर्षांत नवराही थकतो.

बाहेरच्या जगासाठी एक छोटं वाक्य पाठ करून ठेवा. आमवात दिसत नाही, म्हणून "दिसतेस तर बरी" हे तुम्ही ऐकलं असेलच. लोकलमध्ये तर फार. माझ्या एका क्लायंटने ठाणे-वाशी गाडीत तीन महिने उभ्याने, दांड्याला मनगट अडकवून प्रवास केला, कारण तिघींच्या बाकावर चौथीसाठी सरकून घ्या म्हणायची लाज वाटायची. आम्ही खोलीत वाक्य तयार केलं, दहा वेळा मोठ्याने म्हटलं: "मला संधिवात आहे, बोटांनी धरता येत नाही. बसायला मिळेल का?" माफी नाही, लांबण नाही. पहिल्या दिवशी कुणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी एका कॉलेजच्या मुलीने जागा दिली. तिसऱ्या आठवड्यात ग्रुपमधल्या बायका तिच्यासाठी जागा धरायला लागल्या. ऑफिसात सगळ्यांना सांगायची गरज नाही. ज्याच्या हातात तुमच्या कामाची वाटणी आहे त्याला सांगा आणि काय हवंय ते नेमकं मागा. सकाळी बोटं आखडलेली असतात म्हणून अर्धा तास उशिरा येऊन उशिरा निघणं, असं काहीतरी.

एका गोष्टीत मात्र थांबू नका. सलग दोन आठवडे बहुतेक सगळा दिवस मन उदास राहिलं, ज्यात रस होता त्यातही काही वाटेनासं झालं, झोप-भूक बिघडली, सगळ्यांना आपला बोजा झालाय असं वाटायला लागलं, तर ते आजाराशी जुळवून घेण्यातलं नेहमीचं वर-खाली नाही. ते नैराश्य असू शकतं, त्याला वेगळे आणि चांगले उपचार आहेत. जगणं नको असे विचार आले तर त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा आणि टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. दिवाळीत ओट्यापाशी एकदा रडणं हे नैराश्य नव्हे. पण नळ सोडून रडणं रोजचं झालंय का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ते स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

राहिली मुलगी. "लवकरच" हे उत्तर बंद करा. अडीच वर्षांत तिने ते पुरेसं ऐकलंय, आणि त्यातून तिला एवढंच कळतं की आई खरं सांगत नाही. या वयाच्या मुलांच्या पोटात साधारण तीन प्रश्न असतात आणि ती ते विचारत नाहीत: हे माझ्यामुळे झालं का, हे मला होईल का, आणि आईला काही झालं तर माझं कोण बघेल. बसून, हात तिच्या हातात देऊन, तिच्या भाषेत सांगा. "माझ्या सांध्यांचा आजार आहे. तो पूर्ण जाणार नाही, पण औषधाने ताब्यात राहतो. तुझ्या वागण्याने तो झाला नाही, आणि माझ्या हाताला हात लावला म्हणून तो तुला होणार नाही. काही दिवस माझी बोटं दुखतील, तेव्हा मी तुला सांगेन, आणि त्या दिवशी बाबा तुझं करतील." मग गप्प बसा. ती कदाचित लगेच विचारेल, "मग आज दुखतायत का?" आज असेल ते खरं सांगा.